क्रॉयडनवरून उडालेली तीन विमाने

आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या रानात माधवीचा वेल आढळतो. त्याचे तीन पंखांचे सुकलेले फळ देठातून सुटले की दगडासारखे पडत नाही, गरगरत सावकाश उतरते. खालून येणारी हवाच त्याला फिरवते. या तत्त्वावर माणसाला घेऊन उडणारे यंत्र यायला १९२३ साल उजाडले. त्याचे नाव ऑटोजायरो.

ते बनवणारा हुआन दे ला सिएर्वा १८९५ मध्ये स्पेनमधल्या मुर्सियात जन्मला. उमय्यद अमीराने वसवलेले, शेख इब्न अरबींचे जन्मगाव असलेले हेच शहर. (म्हणून लगेच इब्न फिरनासला मध्ये आणून श्रेय अंदलुसला देऊ नये. तसा काही संबंध नाही.)

१९१९ मध्ये सिएर्वाचे तीन इंजिनांचे विमान जमिनीलगत वेग कमी पडून कोसळले. वेग गेला तरी पडणार नाही असे विमान हवे, हा ध्यास तिथून लागला. पुढे नेहमीचा प्रोपेलर आणि डोक्यावर हवेनेच फिरणारा मोठा रोटर, अशी त्याची रचना. पहिली यंत्रे कलंडली. पुढे जाणाऱ्या पात्याला हवेचा जोर जास्त मिळे, मागे येणाऱ्याला कमी, त्यामुळे एकच बाजू उचलली जाई. उपाय साधा निघाला: प्रत्येक पाते बुडाशी बिजागरीवर बसवायचे, म्हणजे ते आपोआप वरखाली होऊन तोल सांभाळते. पुढे हेलिकॉप्टरांनाही ही बिजागरी उपयोगी पडली.

१८ सप्टेंबर १९२८ रोजी, रोटरच्या जोडीला आखूड स्थिर पंख असलेला ऑटोजायरो घेऊन तो स्वतः लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसला गेला.

जुलै १९३६ मध्ये याच क्रॉयडनवरून एक छोटे विमान निघाले. ते भाड्याने मिळवून देण्यात सिएर्वाचा हात होता. त्याच विमानाने जनरल फ्रँको कॅनरी बेटांवरून स्पॅनिश मोरोक्कोत पोहोचला. तिथले हजारो मोरोक्कन सैनिक मग स्पेनच्या यादवीत लढायला नेले गेले. दशकभरापूर्वी रिफच्या डोंगरातले अब्दुल करीमचे प्रजासत्ताक ज्या फौजेने चिरडले, त्याच फौजेसाठी आता गरीब मुसलमान पोरे मरणार होती. बिजागरीची गोष्ट सांगताना हे पान गाळू नये, असे मला वाटते.

९ डिसेंबर १९३६ला क्रॉयडनवर दाट धुके होते. ॲमस्टरडॅमला निघालेले प्रवासी विमान उडताच घरांवर आदळले. त्यात सिएर्वा होता, वय ४१. विमान नेहमीचे, स्थिर पंखांचे होते.