गिळण्याच्या क्रियेचे क्ष-किरण परीक्षण : एक ऐतिहासिक आढावा

गिळण्याची क्रिया काही सेकंदांत पूर्ण होते आणि तिचा बहुतांश भाग दृष्टीआड घडतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तिच्याविषयीची मते अप्रत्यक्ष पुराव्यावरच उभी होती. १८८० च्या दशकात क्रोनेकर व मेल्टझर यांनी असे प्रतिपादन केले की, मुख व घशाच्या स्नायूंच्या जोरामुळे घास पिचकारीतील पाण्यासारखा खाली फेकला जातो. अन्ननलिकेचे क्रमाकुंचन मागाहून येते. नळीला जोडलेल्या फुग्यावरील दाबाच्या नोंदी हा त्यांचा आधार होता.

१८९५ मध्ये रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर वर्षभरातच हार्वर्ड येथील प्रा. हेन्री बाउडिच यांच्या सूचनेवरून वॉल्टर कॅनन या वैद्यकाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याने हा प्रश्न हाती घेतला. डिसेंबर १८९६ मध्ये प्रथम एका कुत्र्याला बटण गिळावयास देण्यात आले. पुढे हंसाची निवड झाली, कारण त्याच्या लांब मानेतून उतरणारा घास निवांतपणे पाहता येतो. मान स्थिर राहावी म्हणून तिच्याभोवती पुठ्ठ्याची उंच कॉलर बसविली होती. अन्नात बिस्मथ सबनायट्रेट मिसळल्यामुळे प्रतिदीप्त पडद्यावर घासाची काळी छाया सरकताना दिसे. कॅनन व मोझर यांचा निबंध १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्ष्यांमध्ये घास क्रमाकुंचनानेच संथपणे खाली जातो. मनुष्य व घोडा यांच्यात द्रव पदार्थ मात्र वेगाने फेकला जातो, असे त्यात दिसून आले. म्हणजे जुना सिद्धान्त सर्वस्वी चुकीचा नव्हता, तर त्याची व्याप्ती अवास्तव वाढविली गेली होती. या ज्ञानाची किंमत थोडी नव्हती. कॅनन यांच्या उत्तरायुष्यातील त्वचाविकारांचा संबंध या असुरक्षित प्रयोगांशी जोडला जातो. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले.

बिस्मथ सबनायट्रेटच्या मोठ्या मात्रेमुळे विषबाधा होऊ लागल्याने १९१० पासून बेरियम सल्फेट रूढ झाले. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी असतात. सल्फेट अविद्राव्य असल्याने शरीरात शोषले जात नाही. अन्ननलिकेचे खालचे तोंड नीट न उघडण्याचा विकार थॉमस विलिस यांनी १६७४ मध्येच वर्णिला होता. बेरियमच्या चित्रात तो पक्ष्याच्या चोचीसारख्या निमुळत्या आकारावरून ओळखता येऊ लागला.

स्थिर चित्रात घशातील क्षणिक हालचाल मात्र निसटते. चलचित्रणाने ही उणीव भरून काढली. जेरी लोगमन यांच्या १९८३ च्या ग्रंथानंतर अल्प मात्रेतील बेरियमयुक्त घासांचे चित्रित परीक्षण वाचा-उपचारकांच्या नित्य कामाचा भाग बनले. पक्षाघाताच्या काही रुग्णांमध्ये अन्न श्वासनलिकेत उतरूनही खोकला येत नाही. रुग्णशय्येजवळच्या तपासणीत असा रुग्ण सुरक्षितपणे गिळत आहे असे वाटू शकते. पडद्यावर मात्र स्वरतंतूंच्या खाली उतरलेली बेरियमची रेघ दिसते.