स्वातंत्र्यदिनाची आद्य तिथी

१५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिनाचा मान लाभण्यापूर्वी, १९३० पासून १९४७ पर्यंत, तो मान २६ जानेवारीकडे होता. १९२९ च्या डिसेंबरात लाहोरास रावीतीरी भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने पूर्ण स्वराज्याचा ठराव संमत केला, आणि पुढील जानेवारीच्या अखेरच्या रविवारी देशभर प्रतिज्ञा घेण्याचे ठरले. त्या दिवशी व्याख्यानांपेक्षा सूतकताई, अस्पृश्यसेवा असे विधायक कार्य व्हावे, ही गांधीजींची सूचना होती. म्हणून सभेत प्रतिज्ञा लोकभाषेत संथपणे वाचावी आणि जमलेल्या रयतेने हात उंचावून तिला संमती द्यावी, एवढाच विधी असे. तथापि परक्या अंमलाखाली उंचावलेला तो हात आगामी कायदेभंगाची नांदीच होता.

सत्तांतरासाठी १५ ऑगस्टची निवड माउंटबॅटन यांनी जपानच्या शरणागतीचे स्मरण ठेवून केली. मराठवाड्यातील रयतेस मात्र निजामाच्या अंमलातून सुटण्यास १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला, आणि गोमंतकीयांस १९ डिसेंबर १९६१.

संविधानकर्त्यांनी जुन्या तिथीचे ऋण फेडले: २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेले संविधान त्यांनी १९५० च्या २६ जानेवारीस पूर्णत्वाने अमलात आणले. प्रजासत्ताकदिनी ती मूळ प्रतिज्ञा शाळाशाळांतून पुन्हा वाचली जावी, असे मला मनापासून वाटते.