मुलुखमैदान तोफेचं वजन

सभा गाजवणाऱ्या वक्त्याला आपण सहज ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतो. ही तोफ अहमदनगरची, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आज ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे, म्हणून तिला आदिलशाहीची समजतात. प्रत्यक्षात ती हिजरी 956, म्हणजे इ.स. 1549 मध्ये, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात अहमदनगरला ओतली गेली. ओतणाऱ्याचं नाव तिच्यावरच कोरलेलं आहे: मुहम्मद रूमी. ‘रूमी’ म्हणजे तुर्की मुलखाकडचा.

तोफ कोणत्या सुलतानाची आणि कुणावर डागली, यावर आपण पुष्कळ बोलतो. मला रूमीपुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. तोफ कशाची करायची? त्या काळी लोखंडाच्या मोठ्या तोफा पट्ट्या जोडून, वरून कड्या चढवून घडवत. जोड उकलला की तोफ फुटे आणि गोलंदाज मरत. कांसं एकसंध ओतता येतं, लोखंडासारखं गंजत नाही. रूमीनं कांसं निवडलं. त्यात सुमारे 80 टक्के तांबं, बाकी कथील.

किंमत वजनात मोजावी लागली. तोफ साडेचौदा फुटांच्या आसपास लांब, वजन 55 टन सांगतात. 1632 मध्ये परांड्याहून विजापूरला आणताना 10 हत्ती आणि 400 बैल जुंपले, असं म्हणतात.

रूमीचा तो प्रश्न पावणेपाचशे वर्षांनी पुण्यात पुन्हा पुढे आला, पण उलट बाजूनं. जानेवारी 2021 मध्ये ‘अस्मी’ ही 9 मिमीची मशीन पिस्तूल जाहीर झाली. पुण्याची संरक्षण संशोधन संस्था एआरडीई आणि महूचं इन्फन्ट्री स्कूल यांनी ती चार महिन्यांत तयार केली. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी तिची रचना केली. तिचा वरचा भाग, म्हणजे अप्पर रिसीव्हर, विमानासाठी वापरतात तशा ॲल्युमिनियमचा आहे. लोअर रिसीव्हर कार्बन फायबरचा आहे. हे जमतं, कारण स्फोटाचा मुख्य दाब नळी आणि बोल्ट सोसतात. ट्रिगर आणि मॅगझीन सांभाळणाऱ्या खालच्या भागाला तितकं जड असण्याची गरज नसते. पिस्तुलाचं वजन दोन किलोच्या आत राहिलं.

ओझं बैलांच्या मानेवर असतं तेव्हा वजनाचा विचार दरबार करत नाही. ते शिपायाच्या खांद्यावर येतं तेव्हा करावाच लागतो.

1854 मध्ये इंग्रज अमलात मुलुखमैदान लिलावात निघाली. बोली आली 150 रुपयांची! एका अधिकाऱ्यानं विक्री थांबवली म्हणून ती वाचली. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे. नावं बदलतात, पण ज्या शहरानं अशी ओतीव कारागिरी केली, त्यानं आपल्या कारागिराचं नाव विसरू नये. ते तोफेवर आहेच. आपल्या बोलण्यातही यायला हवं.