धूलिचित्राची परंपरा

रांगोळी ही केवळ सणासुदीची शोभा नव्हे. ती प्राचीन कला आहे. वात्स्यायनाने सांगितलेल्या 64 कलांत तांदूळ व फुले यांच्या आकृती रचण्याची कला गणली आहे. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘धूलिचित्र’ हा प्रकार येतो. प्रांतोप्रांती नावे पालटली: बंगालात अल्पना, आंध्रात मुग्गू, तामिळनाडूत कोलम. मराठी गृहिणी शिरगोळ्याच्या पुडीने ठिपके जोडते. तिची तामिळ शेजारीण बहुधा तांदळाच्या पिठाची रेषा ठिपक्यांभोवती वळविते. त्या मोजणीत, त्या आवर्तनांत दोघींचेही चित्त निवते. ही विद्या आईच्या चिमटीतून लेकीच्या चिमटीत उतरते; तो क्रम खंडला की ग्रंथातील नाव तेवढे उरते. परप्रांतातील सदनिकेचा उंबरठा लहान असला, तरी सात ठिपक्यांपुरती जागा तेथे खचित आहे.