मॅकिंटॉश संगणक, जुने : दुरुस्ती व क्षमतावाढ

ॲपल कंपनीचे जुने मॅकिंटॉश संगणक पुन्हा चालते करण्याचा छंद. पहिला मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ रोजी आला. त्यात मोटोरोला ६८००० प्रोसेसर, १२८ किलोबाइट मेमरी व ९ इंची कृष्णधवल पडदा होता. कालांतराने कपॅसिटर व बॅटरी पाझरून मदरबोर्डवरील तांब्याच्या वाटा गंजतात. म्हणून बॅटरी काढून, बोर्ड धुऊन नवे कपॅसिटर डाखतात. चित्रनलिकेत उरलेला उच्च विद्युत् दाब आधी उतरविणे अत्यावश्यक असते. मॅकिंटॉश एसई/३० (१९८९) या प्रतिमानाची मेमरी १२८ मेगाबाइटपर्यंत वाढविता येते. निकामी हार्ड डिस्कऐवजी मेमरी कार्डही बसविता येते. ॲपलची तत्कालीन देवनागरी संकेतप्रणाली भारतीय लिपींसाठीच्या १९९१ च्या इस्की (ISCII) मानकावर आधारलेली होती. तिच्यात साठविलेला मराठी मजकूर मूळ रूपात उघडण्यासाठी अशी चालती यंत्रे मोलाची ठरतात.