क्रिप्टोत नाव खरंच लपतं का? बिटकॉइन, डॅश, मोनेरो आणि झीकॅशमधला फरक

"क्रिप्टोमधला व्यवहार कुणालाच कळत नाही," असं गुंतवणुकीच्या मेसेजमध्ये सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. नाव न दिसणं वेगळं आणि व्यवहार न दिसणं वेगळं. प्रत्येक नाण्यात हा प्रकार निराळा आहे.

बिटकॉइन : २००९ साली सुरू झालेल्या या नाण्याची वही सगळ्या जगाला उघडी आहे. कोणत्या पत्त्यावरून कुठं किती गेलं, हे कुणीही पाहू शकतं. फक्त नावाऐवजी अक्षरं-आकड्यांचा पत्ता असतो. गावनकाशात नुसता गट नंबर दिसतो, तसंच हे. मालक कोण ते एकदा कळलं की सगळा हिशोब उघडा पडतो. एक्सचेंजवर पॅन-आधार दिलं की नाव जोडलं जातं, आणि जुनी नोंद पुसता येत नाही. अमेरिकेत मे २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइन कंपनीनं हॅकरना ७५ बिटकॉइन खंडणी दिली. तपास यंत्रणेनं माग काढून जूनमध्ये त्यातले सुमारे ६४ परत मिळवले.

डॅश : २०१४ चं नाणं. वही उघडीच, पण हवं असेल तर अनेकांची नाणी एकत्र मिसळून परत वाटून घेण्याची सोय आहे. चार घरचं दूध एका कॅनमध्ये ओतल्यावर कुणाचं कोणतं ते सांगता येत नाही, तसं. मिसळलं नाही तर माग लागतो.

मोनेरो : हेही २०१४ चं. इथं प्रत्येक व्यवहार आपोआप झाकला जातो. पैसे पाठवणाऱ्याची खरी नोंद १५ इतर नोंदींत मिसळते. घेणाऱ्यासाठी दरवेळी नवा पत्ता तयार होतो. २०१७ पासून रक्कमही झाकली जाते.

झीकॅश : २०१६ साली आलं. यात पत्ते दोन प्रकारचे, उघडे आणि झाकलेले. झाकलेल्या व्यवहारात आकडा न दाखवता हिशोब बरोबर असल्याचं गणितानं सिद्ध होतं. मालकाला वाटलं तर हिशोब तपासणाऱ्याला फक्त पाहण्यापुरती किल्ली देता येते. उघडा पत्ता वापरला तर मात्र बिटकॉइनसारखंच सगळं दिसतं.

कायदा काय म्हणतो? भारतात नाणं कोणतंही असो, नफ्यावर ३० टक्के कर आहे. १ जुलै २०२२ पासून ठरावीक रकमेपुढच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. मार्च २०२३ पासून एक्सचेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू असून ग्राहकाची ओळख घेणं बंधनकारक आहे. बायनान्स या मोठ्या एक्सचेंजनं फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरोची खरेदी-विक्री बंद केली.

फसवणूक झाली तर? इथंच खरी गोम आहे. जो पडदा आपल्याला लपवतो, तोच फसवणाऱ्यालाही लपवतो. बिटकॉइनचा निदान माग काढता येतो, पैसे परत मिळतीलच असं नाही. मोनेरोत मागही लागणं फार अवघड. बँकेसारखा व्यवहार थांबवणारा इथं कुणी नसतो. त्यामुळं "या नाण्यात पाठवा, कुणाला कळणार नाही" असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबावं. पैसे गेलेच असतील तर व्यवहार क्रमांक, समोरचा पत्ता आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवून लगेच १९३० वर फोन करावा.