अमेरिकेतील सॉकर : धनी आणि प्रेक्षक

साऱ्या जगात ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. हा शब्द मूळचा इंग्लंडातला. 'असोसिएशन' या लांबलचक शब्दाचे तिकडच्या विद्यार्थ्यांनी केलेले ते लाडके रूप. अमेरिकेत फुटबॉल हे नाव दुसऱ्याच एका, हातात चेंडू घेऊन धावण्याच्या खेळाने बळकावले. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत आहे की, अमेरिकन माणसाला हा खेळ कधी उमगलाच नाही. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. हा खेळ तेथे तीन वेळा रुजला आणि त्यांपैकी दोन वेळा वाळून गेला. तो वाळला याचे कारण जमीन नापीक होती हे नव्हे. त्याचे रोप प्रेक्षकांच्या मातीत न लावता धनिकांच्या कुंडीत लावले गेले होते.

पहिली कुंडी पोलादाची होती. पेनसिल्व्हेनिया राज्यात बेथलेहेम नावाचे गाव आहे. तेथील प्रचंड पोलाद कारखान्याचा सूत्रधार चार्ल्स श्वाब याने कारखान्याच्या संघाला सढळ हाताने पैसा पुरविला. स्कॉटलंडमधून चांगले खेळाडू आणावयाचे, त्यांना कारखान्यात नोकरी द्यावयाची आणि सुटीच्या दिवशी मैदानात उतरवावयाचे, अशी ती रीत. १९१५ ते १९२६ या काळात या संघाने राष्ट्रीय चषक पाच वेळा जिंकला. १९२१ साली 'अमेरिकन सॉकर लीग' स्थापन झाली, तेव्हा असेच दुसरे संघही पुढे आले. त्यांचा पगार इतका आकर्षक होता की, ब्रिटनमधील क्लबांशी केलेले करार मोडून खेळाडू बोटीत बसू लागले आणि ही तक्रार जागतिक संघटनेच्या दारापर्यंत गेली.

परंतु १९२८ साली लीगचे चालक आणि राष्ट्रीय मंडळ यांच्यात भांडण जुंपले. राष्ट्रीय चषक स्पर्धा सर्व संघांना खुली होती. तिच्यामुळे लीगच्या हंगामात व्यत्यय येई आणि पैशाचे नुकसान होई, अशी चालकांची तक्रार होती. त्यांनी आपल्या संघांना स्पर्धेवर बहिष्कार घालण्यास सांगितले. बेथलेहेमसह तीन संघांनी तो मानला नाही, म्हणून त्यांना लीगबाहेर काढण्यात आले. हे 'सॉकर युद्ध' १९२९ च्या ऑक्टोबरात मिटले आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. १९३० साली बेथलेहेमचा संघ बंद पडला. मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर या गिरणगावाची कथा अधिक करुण आहे. तेथील संघाने १९३० साली राष्ट्रीय चषक जिंकला. पण गिरण्यांची धुरांडी विझू लागली होती, म्हणून पुढच्याच वर्षी मालकाने संघ उचलून न्यूयॉर्कला नेला. गावाला कोणी विचारले नाही. १९३३ साली ती लीगही विसर्जित झाली.

मधल्या काळात खेळ जगला तो स्थलांतरितांच्या वस्त्यांत. १९५० साली ब्राझीलमध्ये अमेरिकेने इंग्लंडला १-० असे हरविले, हा चमत्कारही मायदेशी फारसा कोणाच्या कानी गेला नाही. पैशाचे लक्ष पुन्हा वळले ते १९६६ नंतर. त्या वर्षीचा विश्वचषकाचा अंतिम सामना अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दिसला आणि धनिकांना नवी बाजारपेठ दिसली. १९६८ साली 'नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग' सतरा संघांनिशी सुरू झाली. १९६९ साली त्यांतले पाचच उरले.

या लीगला झळाळी दिली ती न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाने. त्याच्या पाठीशी होती वॉर्नर ही चित्रपट व ध्वनिमुद्रिकांची बलाढ्य कंपनी. १९७५ च्या जूनमध्ये पेले कॉसमॉसकडून प्रथम खेळला. मागोमाग किनालिया आणि बेकेनबावर आले. १४ ऑगस्ट १९७७ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मैदानात ७७,६९१ प्रेक्षक जमले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला हा संघ कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी खेळला. पावसाने चिखल झालेल्या मैदानावर सामना २-२ असा बरोबरीत सुटला. ज्या क्लबाची पाळेमुळे आपल्या शहरात खोल गेली होती, त्याने वॉर्नर कंपनीच्या तारकासंघाला विजय मिळू दिला नाही.

कॉसमॉसचे यशच लीगच्या मुळावर आले. त्याची बरोबरी करण्याकरिता इतर संघांनी ऐपतीबाहेर खर्च केला. १९७८ साली संघांची संख्या चोवीसवर गेली. पण तिकिटांच्या उत्पन्नातून पगार भागेनात. १९८० नंतर दूरचित्रवाणीचा मोठा करारही हातचा गेला. वॉर्नरच्या अटारी या व्हिडिओ खेळांच्या व्यवसायाला १९८३ साली जबर तोटा झाला आणि कॉसमॉस हे एक ओझे ठरले. १९८४ चा हंगाम नऊ संघांनी कसाबसा पार पाडला आणि लीगचे दार मिटले.

तिसरा प्रयोग सावधपणाचा होता. १९९४ चा विश्वचषक अमेरिकेत भरविण्यास मान्यता देताना व्यावसायिक लीग स्थापण्याची अट होती. त्या स्पर्धेला ३५ लाखांहून अधिक प्रेक्षक लोटले. १९९६ साली दहा संघांची 'मेजर लीग सॉकर' सुरू झाली. तिची घटना विलक्षण आहे. येथे संघ स्वतंत्र नाहीत. सारी लीग ही एकच कंपनी, आणि मालक म्हणजे तिचे भागीदार. खेळाडूशी करार करते ती लीग. एका संघाने दुसऱ्याच्या चढाओढीत दिवाळे काढू नये, हा त्यातला हेतू. यामुळे आपले पगार दाबले जातात, असा दावा खेळाडूंनी १९९७ साली न्यायालयात लावला. परंतु २००० साली निकाल लीगच्या बाजूने लागला आणि २००२ साली वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला.

त्याच २००२ साली फ्लोरिडातील दोन संघ बंद करावे लागले. मोजक्या धनिकांनी तोटा सोसून बाकीचे जगविले. लामार हंट हे त्यांतले एक. त्यांनी १९९९ साली ओहायो राज्यात कोलंबस येथे सुमारे २ कोटी ८५ लाख डॉलर खर्चून खास सॉकरचे मैदान बांधले होते. स्वतःचे मैदान असेल तर भाडे वाचते आणि तिकिटाचा पैसा घरात राहतो, हा धडा इतरांनी गिरविला. पुढे २००७ साली बेकहॅम आला, २०२३ साली मेस्सी आला. लीगमध्ये नवा संघ घालण्याचे शुल्क २००७ च्या सुमारास १ कोटी डॉलर होते. २०२३ साली सॅन डिएगोकरिता ते ५० कोटी झाले.

तरीही जाणत्या अमेरिकन रसिकाच्या मनात एक सल आहे. इंग्लंडात शेवटचा संघ खालच्या श्रेणीत जातो आणि लहान गावाचा संघ जिंकत जिंकत वर चढू शकतो. अमेरिकेत वरची जागा गुणांनी मिळत नाही, ती शुल्क भरून घ्यावी लागते. मालक म्हणतात, जागा शाश्वत नसेल तर मैदानावर कोण पैसा ओतील? दोन लीग बुडालेल्या देशात हा प्रश्न पोकळ नाही. पण २०२३ च्या डिसेंबरात लीगने खुल्या राष्ट्रीय चषकातून आपले मुख्य संघ काढून घेण्याचे जाहीर केले, तेव्हा १९२८ चेच भांडण नव्या वेषात उभे राहिले. राष्ट्रीय मंडळाने नकार दिला. अखेर २०२४ च्या स्पर्धेत लीगचे आठ मुख्य संघ उतरले.

रसिकाचा हक्क खरोखर कसास लागला तो कोलंबसमध्ये. २०१७ च्या ऑक्टोबरात तेथील 'क्रू' संघ टेक्सासमधील ऑस्टिनला नेण्याचा मालकांचा विचार उघड झाला. फॉल रिव्हरच्या लोकांनी जे मुकाट्याने सोसले, ते कोलंबसकरांनी सोसले नाही. त्यांनी 'सेव्ह द क्रू' ही चळवळ उभारली. मदतीला एक जुना कायदाही आला. क्लीव्हलँडचा फुटबॉल संघ बाल्टिमोरला गेल्याच्या संतापातून ओहायोने १९९६ साली तो केला होता. सार्वजनिक पैशाचा लाभ घेतलेला संघ हलवावयाचा असेल तर सहा महिन्यांची सूचना द्यावी आणि स्थानिकांना तो विकत घेण्याची संधी द्यावी, असे त्यात म्हटले होते. २०१८ च्या मार्चमध्ये राज्य आणि शहर न्यायालयात गेले. निकाल लागण्याआधीच ओहायोतील खरेदीदार पुढे आले आणि संघ गावातच राहिला. २०२० आणि २०२३ साली त्याने लीगचे विजेतेपद मिळविले.

या विजयालाही मर्यादा आहे. प्रेक्षक मालक झाले नाहीत. एक मालक जाऊन दुसरा आला इतकेच. पण संघ ही केवळ एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येणारी मालमत्ता नाही, हे कायद्याच्या आणि लोकांच्या बळावर प्रथमच मान्य करावे लागले. हा प्रश्न भारतालाही परका नाही. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये पुण्याचा संघ होता. २०१९ साली तो बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. बालेवाडीच्या मैदानावर जाऊन त्याच्यासाठी घसा कोरडा करणाऱ्यांच्या हाती कोणताही कायदा नव्हता. खेळाला धनी लागतो, हे अमेरिकेच्या इतिहासाने दाखवून दिले. मात्र धनी जातात तेव्हा खेळ सांभाळावयाला गावच मागे उरते, आणि त्या गावाचा शब्द कोठेतरी लिहून ठेवलेला असावा लागतो.